एक मिळवायचाच

मित्रांनो, शाळेत जिथे खिचडी शिजते त्या खोलीच्या दाराशी एक काळपट तक्ता आडवा लावलेला आहे. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून तो तिथे असतो. तो तक्ता म्हणजे मी. मी एक जुना फळा आहे. माझ्यावर आता कुणी लिहीत नाही. खिचडी करणाऱ्या सरजाबाई माझ्या वरच्या कडेवर ओलं फडकं वाळत घालतात, आणि खालच्या कडेला शेळ्यांनी अंग घासून घासून माझा रंग पार काढला आहे. पण मला माझं दुःख सांगायचं नाही. मला एका मुलीविषयी सांगायचं आहे.

आधी माझ्याविषयी थोडंसं. मी किनवटच्या जंगलातलं सागवान. हिमायतनगरच्या सटवाजी सुतारांनी मला घडवलं. रंधा मारता मारता ते मधूनच थांबत, माझ्यावरून तळहात फिरवत, आणि कुठे कुसळ टोचलं तर पुन्हा रंधा उचलत. मला न्यायला आलेल्या हेडमास्तरांनी घाई केली तेव्हा ते म्हणाले, "लेकरायची बोटं फिरनार हायत याच्यावरून. घाई करून कसं भागंल?"

टेम्पोतून मला इस्लापूरच्या पुढे एका गावात आणलं. दोन खोल्यांची, पाचवीपर्यंतची शाळा. दर जूनमध्ये मुलं टॉर्चच्या जुन्या सेलमधला कोळसा कुटायची, त्यात वेलाचा पाला चुरगाळून टाकायची आणि मला चोळून चोळून काळंभोर करायची. त्या दिवशी मुलांचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे, आणि मी इतका चमकायचो की पहिलं अक्षर लिहिताना गुरुजींचासुद्धा हात क्षणभर थांबायचा.

माझ्यावर बाराखडी आली, नदीची चित्रं आली, स्वातंत्र्यदिनाला रंगीत खडूचा झेंडा आला. पण मला सगळ्यात जास्त आवडायचा तो लसावि. लघुत्तम साधारण विभाज्य. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. प्रत्येक संख्या आपापल्या चालीने पुढे जात असते. कुणी लांब ढांगा टाकतं, कुणी आखूड. आणि तरी एक जागा अशी येते की सगळ्या एकदम येऊन उभ्या राहतात. त्यातली पहिली जागा म्हणजे लसावि. माझ्यावर कुणी ती शोधू लागलं की मलाच वाटायचं, आता सापडेल, आता सापडेल.

श्रीशैल सर आमच्या शाळेत बदलून आले ते उदगीरकडून. इस्लापूरला खोली करून राहायचे आणि मोटारसायकलवर यायचे. कपाळावर भस्माची पुसट रेघ, शर्टाच्या खिशाला कायम खडूचा डाग. मुलगा चुकला तरी ते लगेच पुसायचे नाहीत. "असू दे. चुकलंय ते दिसू दे जरा," म्हणायचे. माझ्या अंगावर इतकी चुकलेली गणितं त्यांच्याआधी कधीच राहिली नव्हती. मला ते फार बरं वाटायचं.

त्यांच्या वर्गात पाचवीला धम्मप्रिया होती. पंचफुला आणि मारोती यांची मुलगी. आईवडील दिवाळी झाली की निजामाबादकडे वीटभट्टीवर जायचे आणि उन्हाळा संपताना परतायचे. धम्मप्रिया तोवर आजीपाशी राहायची. बारीक अंगाची, जरा वेळ लावून बोलणारी मुलगी. कुठलंही गणित घातलं की बाकीची मुलं खाली मान घालून आकडेमोड करू लागायची आणि ही माझ्याकडे बघत बसायची. मग विचारायची, "सर, कामून?"

भागायचं का, गुणायचं का, असं नव्हे. कामून भागायचं, कशासाठी, असं.

एका सकाळी सरांनी लसावि शिकवायला घेतला. माझ्यावर फक्त तीन आणि चार लिहिले आणि वर्गाचे दोन भाग केले. एका बाजूने दर तिसऱ्या ठोक्याला टाळी द्यायची, दुसऱ्या बाजूने दर चौथ्या. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी मिळून एक टाळी दिली आणि सर माझ्या कडेवर खडूने ठोके देऊ लागले. टाळ्या इकडून तिकडून वाजू लागल्या, चुकल्या, हसू झालं, पुन्हा सुरुवात झाली. आणि बाराव्या ठोक्याला सगळा वर्ग एकदम वाजला. मुलं दचकलीच. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं, आणि सगळे एकत्र आले होते. पुन्हा चोविसाव्या ठोक्याला तसंच झालं.

"मग चोवीसपर्यंत आपण किती वेळा एकत्र आलो?" सरांनी विचारलं.

कुणी दोन म्हणालं, कुणी तीन. धम्मप्रिया उभी राहिली.

"सर, पहिली टाळी धरायची का न्हाई?"

सरांचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलेलो नाही. "ते मला नको विचारू बेटा," ते म्हणाले, "प्रश्नाला विचार. प्रश्न 'एकूण' म्हणतो का 'त्यानंतर' म्हणतो, ते बघ. तो सांगतो आपलं आपण."

त्या दिवसापासून ती प्रश्नाशी बोलू लागली. माझ्यासमोर उभी राहून ओठ हलवायची. घंटांचे प्रश्न, दिव्यांचे प्रश्न, अमुक संख्येने भागल्यावर बाकी पाच उरते असे प्रश्न. वेळ लागायचा तिला. पण उत्तर आलं की ते तिचं असायचं. दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा विचारलं तरी तेच यायचं, आणि का आलं तेही सांगता यायचं.

सरांनी ठरवलं की हिला नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसवायचं. त्या गावातून आजवर कुणी नवोदयला लागलेलं नव्हतं. लागली तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. नाही लागली तर सहावीसाठी इस्लापूर, आणि तिथे रोज जायला गावातून गाडी नाही. सरांनी पंचफुलाबाईंना शाळेत बोलावून घेतलं. त्या धम्मप्रियाच्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"परीक्षा जानेवारीत आहे," सर म्हणाले. "तोवर तुम्ही इथे असायला पाहिजे. आजीला तिच्या अभ्यासाचं जमणार नाही."

पंचफुलाबाईंनी लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाल्या, "राहते म्या औंदा. लेकराचे बाबा जातील एकलेच. पर सर, व्हईल ना तिचं?"

"होईल," सर म्हणाले.

मित्रांनो, मला वाटतं सगळं त्या एका शब्दापासून बिघडलं. तो शब्द देईपर्यंत सरांना भीती नव्हती. दिल्यावर ती आली.

दिवाळीच्या आधी तालुक्याला एक सराव परीक्षा झाली. धम्मप्रियाने जेवढे प्रश्न सोडवले तेवढे जवळजवळ सगळे बरोबर होते, पण शेवटचे कितीतरी प्रश्न कोरेच राहिले. वेळच पुरला नव्हता. सर माझ्यासमोर तिची उत्तरपत्रिका घेऊन बसले होते. शाळा सुटलेली होती. ते पुन्हा पुन्हा कोऱ्या गोलांवरून बोट फिरवत होते.

दिवाळीच्या सुट्टीत ते घरी गेले आणि येताना लातूरला थांबून आले. तिथे त्यांचा चुलतभाऊ वीरेश एका मोठ्या क्लासमध्ये शिकवायचा. परत आले ते पिशवीभर छापील कागद घेऊन. आल्या आल्या त्यांनी मला स्वच्छ पुसलं. चुकलेली गणितंही पुसली.

"एका प्रश्नाला दीड मिनिट," ते मुलांना म्हणाले. "दीड मिनिटात विचार होत नसतो. हात झाला पाहिजे."

माझ्यावर चौकटी आल्या. चौकटीत रीत. बाकी सारखी उरत असेल तर लसाविमध्ये बाकी मिळव. सगळ्यात मोठी संख्या विचारली तर मसावि, सगळ्यात लहान विचारली तर लसावि. पर्याय लहानाकडून तपासत जा, ज्याला सगळ्यांनी भाग जाईल तिथे थांब. आणि घंटा एकत्र वाजण्याचा प्रश्न आला की मिनिटं करून लसाविने भाग आणि एक मिळव. हे सगळं खोटं होतं असं नाही. पण ते दुसऱ्या कुणीतरी विचार करून झाल्यावर उरलेलं होतं.

धम्मप्रियाने हात वर केला. "सर, एक कामून मिळवायचा? पहिली नसली धरायची तं?"

"बहुतेक वेळा धरायचीच असते."

"आन् प्रश्न म्हणला त्यानंतर, तं?"

सरांनी घड्याळ पाहिलं. मी त्यांना वर्षभर पाहत होतो. त्यांनी त्या मुलीकडे कधी घड्याळ बघून पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही त्यांचा. उलट विनवल्यासारखा झाला.

"प्रिया, ऐक माझं. आता 'का' विचारायचं नाही. 'का' आपण परीक्षेनंतर बघू. घंटांचा प्रश्न दिसला की एक मिळवायचाच. लिही."

तिने लिहिलं. माझ्यावर, तिच्या हाताने. एक मिळवायचाच.

ती गुणी मुलगी होती, म्हणून ती शिकली. थंडीचे दिवस सुरू झाले तशी तिच्या ओठांची हालचाल थांबली. प्रश्न लिहून व्हायच्या आत तिचा हात चालू लागायचा. सर टेबलावर मोबाईल ठेवून वेळ लावायचे, आणि तो वाजायच्या आत तिचं उत्तर आलेलं असायचं. सरांचा जीव भांड्यात पडला. पंचफुलाबाई एकदा येऊन खिडकीतून पाहून गेल्या आणि हसल्या. सगळे खूश होते. मी मात्र तिच्याकडे पाहायचो तेव्हा मला ती सापडायची नाही. माझ्यासमोर उभी असायची ती, खडू चालत असायचा, पण माझ्याकडे ती बघत नव्हती.

परीक्षा शनिवारी किनवटला झाली. सर तिला मोटारसायकलवर घेऊन गेले, मागे पंचफुलाबाई बसल्या. सोमवारी शाळा भरली तेव्हा धम्मप्रिया आनंदात होती. सगळा पेपर झाला होता. एकही गोल कोरा नव्हता.

"लसाविचं काय आलं होतं?" सरांनी विचारलं.

"घंटायचं आलं होतं सर. लवकर झालं."

"आठवतो प्रश्न? लिही बरं फळ्यावर."

तिची स्मरणशक्ती चांगली होती. शब्द न शब्द तिने लिहिला. तीन घंटा अनुक्रमे नऊ, बारा आणि पंधरा मिनिटांनी वाजतात. सकाळी आठ वाजता त्या एकदम वाजल्या. त्यानंतर दुपारी दोन वाजेपर्यंत त्या आणखी किती वेळा एकदम वाजतील?

"लसावि एकशे ऐंशी," ती सरांकडे वळून भराभर सांगू लागली. "म्हंजी तीन तास. आठ ते दोन सहा तास. तीननं भागले, दोन. आन् एक मिळवला, तीन. तीनचा गोल काळा केला."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांची नजर एका शब्दावर थांबली होती. ती नजर पाहून तीही वळून बघू लागली. मी तिला सांगू शकलो असतो तर सांगितलं नसतं. पण तिच्याच अक्षरात ते माझ्यावर होतं. तिने वाचलं. कितीतरी दिवसांनी तिचे ओठ हलले. त्यानंतर. आणखी.

अकराला एकदा. दोनला एकदा. दोनच.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही म्हणलं होतं, एक मिळवायचाच."

तिने तक्रार केली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं की असं कसं झालं. तक्रार केली असती तर सरांना सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "एका प्रश्नानं काही होत नाही बेटा," आणि डस्टर उचलून त्यांनी मला पुसलं.

उन्हाळ्यात शाळा सुटायच्या बेतात असताना निकाल लागला. सर माझ्यासमोर उभे राहून मोबाईलवर यादी खाली खाली सरकवत होते. शेवटपर्यंत गेले, पुन्हा वर आले. तिचं नाव नव्हतं. किती गुणांनी गेलं, कशात गेलं, ते कळायला मार्ग नव्हता. आणखीही प्रश्न चुकले असतील. पण सरांनी तो एकच प्रश्न मनात धरला, आणि तिनेही. त्यावर ते दोघं एकमेकांशी कधीच बोलले नाहीत.

मारोती भट्टीवरून परत आले तेव्हा सर म्हणाले, "मी तिचं नाव इस्लापूरला घालतो. वसतिगृहाचं बघतो. पुढच्याही परीक्षा असतात."

मारोतींनी पंचफुलाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आमची ना न्हाई सर. म्या आनखी एक साल ऱ्हायले असते. तिलाच इचारा. ती काय म्हणून राहिली ते ऐका."

धम्मप्रिया दाराला टेकून उभी होती. "नको सर," ती म्हणाली. "मला गणित येत न्हाई."

सरांनी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं. मग त्यांनी खडू घेतला आणि माझ्यावर तीन आणि चार लिहिले. नुसते, मोठ्ठे, पहिल्या दिवशी लिहिले होते तसे. माझ्या कडेवर हळूहळू ठोके देऊ लागले. रिकाम्या वर्गात ते ठोके फार मोठे वाटत होते. तिने टाळी दिली नाही. सरांनी एकट्यानेच, ठोके देता देता, दुसऱ्या हाताने मांडीवर थाप मारून चोवीसपर्यंत नेलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"सांग प्रिया. किती वेळा एकत्र आले? पहिली टाळी धरायची का नाही? तुला काय वाटतं?"

तिने खडू घेतला आणि माझ्याजवळ आली. खडू टेकवला. मी वाट पाहत होतो. मित्रांनो, लाकडाला जितकी आशा करता येते तितकी मी केली. ती वळून सरांना म्हणाली,

"तुम्ही सांगा सर, मी लिहिते."

सर खाली बसले. खुर्चीवर नाही, मुलांच्या सतरंजीवर. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. तिने खडू जागेवर ठेवला, हात फ्रॉकला पुसले आणि बाहेर गेली. तिने टेकवलेल्या खडूचा एक ठिपका माझ्यावर तसाच राहिला.

दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर भट्टीवर गेली, धाकट्याला सांभाळायला. सरांनी त्यानंतर नवोदयचा तास घेतला नाही. पाठ्यपुस्तकात लसावि आला की ते एक उदाहरण सोडवून दाखवायचे आणि पुढच्या पानावर जायचे. मुलं चुकली तर लगेच पुसायचे. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मुलांनी त्यांना शाल दिली, सरजाबाईंनी शिरा केला. सर सगळ्यांशी नीट बोलले. जाताना वर्गात आले, माझ्यासमोर थोडा वेळ उभे राहिले, आणि काही न लिहिता गेले.

मग भिंतीवर मोठा टीव्ही लागला. त्याला जागा हवी होती म्हणून मला काढलं. नवे सर वाईट नाहीत, मुलांवर ओरडत नाहीत. मला आधी व्हरांड्यात ठेवलं, मग पावसात भिजतो म्हणून मागे नेलं, आणि शेळ्यांचा त्रास होऊ लागला तेव्हा या दाराशी आणून लावलं.

मागच्या जूनमध्ये धम्मप्रिया शाळेत आली होती. धाकट्याला पहिलीत घालायला. उंच झाली आहे. हातांना विटांचे घट्टे पडले आहेत. जेवणाची सुट्टी होती, म्हणून ती इथे खिचडीच्या खोलीपाशी थांबली. मला हाताने बाजूला सारून तिने धाकट्याची ताटली आत दिली. मला ओळखायचं काही कारण नव्हतं. मी आता फळ्यासारखा दिसत नाही.

सरजाबाई तिला म्हणाल्या, "नवे सर चांगले हायत धम्मे. बोलू का तुझ्यासाठी? इस्लापूरला नाव घालून देतील. किती हुशार होतीस तू गणितात."

"न्हाई मावशी," ती म्हणाली. धाकट्याचं नाक पुसत होती. "मला कव्हाच येत नव्हतं. सर उगंच म्हणायचे."

ती हे दुःखाने म्हणाली नाही. पाऊस आला, ऊन पडलं, असं सांगावं तसं म्हणाली. मित्रांनो, मला ज्या सकाळी सगळा वर्ग एकदम वाजला ती सकाळ ठाऊक आहे. ती तिथे उभी होती, तिने काय विचारलं तेही मला ठाऊक आहे. पण ती सकाळ आता तिच्याकडे राहिलेली नाही. माझ्याकडे आहे, आणि मी एक तक्ता आहे.

मला पुन्हा रंगवा, भिंतीवर लावा, असं मी म्हणत नाही. उद्या सरजाबाईंनी मला चुलीत घातलं तरी माझी ना नाही. सागवान चांगलं जळतं. पण उद्या तुमच्यातलं कुणी शिक्षक होईल, कुणी आई होईल, कुणी मोठा भाऊ होईल. तेव्हा एखादं लेकरू खडू हातात धरून थांबलं आणि त्याने तुम्हाला कामून म्हणून विचारलं, तर कितीही घाई असली तरी त्याला परीक्षेनंतर बघू असं सांगू नका. परीक्षा होऊन जाते. ते लेकरू मग काहीच विचारत नाही.